समुद्री जीवांवरून गेमची पात्रं: माणसाच्या धडाला नांगे चिकटवण्यापलीकडे काय करता येईल?

खाडीवाला
नमस्कार मंडळी. बडोद्यातले आम्ही तिघं मिळून एक छोटा गेम करतोय. त्यातलं जग खंभातच्या आखातावर बेतलेलं आहे: क्षितिजापर्यंत चिखल, दिवसातून दोनदा भरती, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या. खेळता येतील अशी चार पात्रं, शिवाय गावातली दहा-बारा. थ्रीडी, मॉडेल ब्लेंडरमध्ये, गेम गोडो इंजिनमध्ये. मधल्या किमतीच्या फोनवर नीट चाललं पाहिजे.

आतापर्यंतची स्केचेस सगळी एका साच्यातली झाली आहेत. माणसाचं धड आणि खेकड्याचे नांगे, माणसाचं धड आणि ऑक्टोपसचं डोकं. तीन प्रश्न आहेत: सुरुवात कुठून करावी? आठ हातांचं पात्र फोनवर परवडतं का? आणि गढूळ पाण्याच्या जगात रंग कसे ठरवायचे?

झिंगा
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

रेषाळ
धड आधी ठरवलं की बाकी सगळं दागिन्यासारखं वरून लागतं, म्हणून तो साचा होतो. प्राणी निवडू नका, त्याच्या शरीराची एक करामत निवडा आणि धड, चाल, हल्ला त्यातून काढा.

मॅंटिस श्रिंप घ्या, कोळंबीसारखा दिसणारा कवचधारी जीव. त्याच्या काही जातींत पुढच्या पायांचा हातोडा असतो. मोराच्या रंगाची जी प्रसिद्ध जात आहे तिच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजलेला आहे. स्नायू एवढं झटपट आकसत नाहीत. आधी खिट्टी लावून स्प्रिंग ताणल्यासारखी ऊर्जा साठते, मग खिट्टी सुटते. वेगामुळे पाण्यात पोकळी तयार होते आणि ती कोसळताना दुसरा दणका बसतो. म्हणजे एका हल्ल्यात दोन आघात. झाला तुमच्या पात्राचा खेळ: तयारी लांब, फटका क्षणाचा, पाठोपाठ बुडबुड्याचा धक्का. शरीरही यातून ठरतं. हातोडे छातीशी दुमडलेले, म्हणून खांदे पुढे झुकलेले, आणि तोल सांभाळायला मागे जड चिलखती शेपूट. माणसाचं धड इथे बसतच नाही.

आता कागदावरचं काम. प्रत्येक पात्राच्या पंचवीस-तीस नुसत्या काळ्या आकृत्या काढा, अंगठ्याएवढ्या, जाड ब्रशने, आत एकही रेघ नको. मग चारही पात्रांच्या निवडक आकृत्या एका ओळीत ठेवून ६४ पिक्सेल उंचीवर आणा. ज्या दोन ओळखताना घोटाळा होतो त्यातली एक गेली. डोळे, खवले, कपडे यांचा विचार त्यानंतर.

मांडवीकर
रेषाळ, अर्धंच पटलं. अशा शुद्ध शरीररचनेतून निघालेलं पात्र बघायला भारी असतं, पण खेळणाऱ्याला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. चेहरा लागतो. डोळे लागतात, भुवया लागतात. चिलखती शेपटीवर कोण जीव लावणार?

शिंपला
@मांडवीकर, डोळे लागतात हे खरं. पण भुवया कशाला? समुद्रात डोळ्यांचे इतके नमुने आहेत की भाव दाखवायला तेवढे पुरतात.

मॅंटिस श्रिंपचे डोळे देठावर असतात आणि दोन्ही स्वतंत्र फिरतात. एक डोळा शत्रूवर, एक खेळणाऱ्याकडे. सावधपणा लांबूनही कळतो. कटलफिशची बाहुली इंग्रजी डब्ल्यूसारखी, अंधारात ती पसरून गोल होते. ऑक्टोपसची बाहुली आडवी फट असते आणि शरीर तिरकं झालं तरी ती क्षितिजाला समांतर राहते. रिगमध्ये (पात्र हलवणाऱ्या सांगाड्यात) डोळ्याच्या बोनला (त्यातल्या हाडाला) अंगाचं फिरणं वारसात देऊ नका, एवढ्यानेच पात्र परग्रहावरचं वाटायला लागतं. आणि निवटी (मडस्किपर, चिखलातला मासा) तर पापणी मिटण्याऐवजी अख्खा डोळाच खाली खोबणीत ओढून ओला करून घेते. तेच तिचं लाजणं, तेच तिचं दचकणं. वेगळा चेहरा रिग करायची गरज नाही.

मांडवीकर
निवटीवर हरलो. ती गोड आहे.

खारजमीन
खंभातचं जग म्हणताय तर तिथेच राहणारी मंडळी घ्या ना. मॅंटिस श्रिंप आपल्या किनाऱ्यावरही मिळतो, पण तो मोरपंखी प्रकार प्रवाळाजवळचा. चिखलाचा खरा मालक निवटी.

तिची करामत म्हणजे मासा असून जमिनीवर वावरणं. गालफडात पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतून श्वास घेते, म्हणून अंग सुकू देऊन चालत नाही. गेममध्ये हा थेट नियम होतो: ओहोटीला ती सुकत जाते, डबक्यात लोळली की परत ताजी. चालही वेगळी. छातीचे दोन्ही पर एकदम टेकवून शरीर पुढे ओढते, डावा-उजवा असं चालत नाही. दोन पाय असलेल्या रिगवरचं तयार चालण्याचं ॲनिमेशन तिला लावलंत तर वाया. परात दोन सांधे धरा, एक अंगाशी आणि एक मध्ये. घाईची उडी मात्र शेपटीच्या झटक्याने.

आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या वर जातो आणि दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात. तुमच्या गेमचं घड्याळ यावर बसवा. पात्रं पाण्याखालची की जमिनीवरची हा वादच राहत नाही, दर पात्राला दोन्ही अवस्था काढाव्या लागतील.

कच्छच्या आखाताचीही भर घालता येईल. जामनगरजवळचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. नरारा भागात ओहोटीला पायी चालत ऑक्टोपस, फुगा मासा, समुद्रकाकडी बघायला मिळतात. तिथून फोटो आणा, बाकी काही उचलून आणू नका.

झिंगा
बोंबील विसरलात? अंगात कणा असल्यासारखा वाटतच नाही, रिगिंगचा खर्च शून्य.

बटनफोड
@झिंगा आणि उन्हात वाळवला की कडक. लेव्हल वाढली, चिलखत मिळालं.

झिंगा
वास हा त्याचा खास हल्ला.

त्रिकोण_मोजणारा
आठ हातांच्या प्रश्नाकडे कोणी गेलं नाही, म्हणून.

परवडतं, पण आठही हातांना सारखी वागणूक देऊन नाही. प्रत्येक हाताला १० बोन दिले तर नुसत्या हातांचेच ८० होतात. पुढचे चार हात काम करणारे, प्रत्येकी ८ बोन. मागचे चार झग्यासारखे, प्रत्येकी ४. एकूण ४८. मागच्यांना हाताने की-फ्रेम (ठरावीक फ्रेमवरची स्थिती) देऊ नका. गोडो ४.४ पासून स्प्रिंग बोन सिम्युलेटर आहे, त्याच्यावर सोडा.

जाळी (त्रिकोणांचा पृष्ठभाग): हाताचा काप अष्टकोनी, लांबीला २० कडी. ८ गुणिले २० गुणिले २, म्हणजे हातामागे ३२० त्रिकोण, आठांचे २५६०. टोकाकडे काप षटकोनी, मग चौकोनी करत जा, आणखी वाचतील. चोषकं सगळी नॉर्मल मॅपमध्ये (खोटा उठाव दाखवणाऱ्या चित्रात). मुळाजवळची चार-पाच मोठी तेवढी खरी उठवा, कारण बाह्यरेषेवर तीच दिसतात.

बिघडतं कुठे ते सांगतो. दर बोनमागे निदान दोन कडी हवीत, नाहीतर वळणावर हात पिचतो. हात स्वतःभोवती पिळला की मध्येच बारीक होऊन चॉकलेटच्या वेष्टनासारखा दिसतो. म्हणून पीळ एका बोनवर टाकू नका, साखळीभर थोडा थोडा वाटा. एका व्हर्टेक्सवर (जाळीच्या बिंदूवर) चारपेक्षा जास्त बोनचा भार ठेवू नका. ब्लेंडरचे बेंडी बोन छान वाटतात, पण ते वळण जीएलटीएफमधून (गोडोत न्यायच्या फाइलमधून) बाहेर जात नाही. साधी साखळी करा, दर बोन आधीच्या बोनचं फिरणं थोडं उचलेल असा कॉपी रोटेशन लावा, वर एकच 'गुंडाळी' कंट्रोल द्या, आणि एक्स्पोर्टआधी सगळं बेक करा, म्हणजे साध्या की-फ्रेममध्ये उतरवा.

शिंपला
ह्याला पुरवणी. ऑक्टोपस वस्तूकडे हात नेतो तेव्हा वळण मुळाकडून टोकाकडे सरकत जातं, सगळा हात एकदम लांब होत नाही. त्यामुळे दर बोनची की आधीच्या बोनपेक्षा दोन-तीन फ्रेम मागे सरकवली की काम झालं. आणि पकडलेला घास तोंडाकडे आणताना तोच हात तात्पुरते सांधे तयार करतो, चक्क कोपर असल्यासारखा. म्हणजे पकडून आणण्याचं ॲनिमेशन तीन भागांत, माणसाच्या हातासारखं करता येतं आणि ते चुकीचंही ठरत नाही.

खाडीवाला
हे सोनं आहे. कोपराची गोष्ट माहीतच नव्हती. जेलीफिशचं काय करायचं? पारदर्शक मटेरियल लावलं की आतले अवयव कधी पुढे दिसतात, कधी गायब होतात.

त्रिकोण_मोजणारा
पारदर्शक पृष्ठभाग खोलीप्रमाणे वस्तूवार लावले जातात, त्रिकोणवार नाही. म्हणून एकाच जाळीतले पुढचे-मागचे थर भांडतात. छत्री खरी पारदर्शक ठेवूच नका. आतले अवयव अपारदर्शक, छत्रीचा एकच थर, त्यावर फ्रेनेल: कडेला उजळ, मध्ये जवळजवळ काही नाही. डोळा काच समजतो. किंवा डिथर करून ठिपक्यांत विरळ करा, मग क्रमाचा प्रश्नच संपतो. सहा जेलीफिश एकामागे एक आल्या की फोन तेच तेच पिक्सेल पुन्हा रंगवत बसतो आणि तापतो, म्हणून कळप ठेवू नका.

हालचालीला बोन नको. व्हर्टेक्स कलरच्या लाल चॅनेलमध्ये मुखवटा रंगवा, मध्यावर ०, कडेला १, आणि शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसावा-हलावा हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) साइन लाटेला त्याने गुणा. फक्त नुसती साइन लावू नका. छत्री मिटते झटकन आणि उघडते सावकाश, साधारण एकास दोन. समान वेळ दिला की पंख मारल्यासारखं दिसतं. माशांचे पर, झालरी, समुद्री गवत, सगळ्यांना हाच शेडर चालतो.

दांडियाबाजार
एवढं सगळं परदेशी जीवशास्त्र चाललंय, आपला मकर कुणाला आठवला नाही? मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाचं शेपूट. गंगेचं वाहन. देवळांच्या अभिषेकाचं पाणी ज्या दगडी तोंडातून बाहेर पडतं तेही पुष्कळदा मकराचंच. प्राणी एकत्र करायची विद्या आपल्याकडे शेकडो वर्षं आहे.

रेषाळ
@दांडियाबाजार, मकर टिकला त्याचं कारणच ते: जबडा पाणी ओततो, शेपटीची वेलबुट्टी कमानीत मिसळते, प्रत्येक तुकड्याला जागा आणि काम आहे. गेममध्ये मात्र दोनच्या वर प्राणी मिसळू नका. एकाचा सांगाडा, दुसऱ्याची सवय. तिसरा आला की ६४ पिक्सेलवर गोळा होतो.

आणि एक सूचना. मत्स्य, कूर्म यांच्या ठरलेल्या मुद्रा आणि आयुधं शत्रूला देऊ नका. उगाच वाद ओढवेल आणि डिझाइन म्हणूनही ती उसनवारीच.

खारजमीन
अवांतर वाटेल, पण दांडियाबाजारांच्या ओघात गोमती चक्र आठवलं. पूजेच्या दुकानात मिळतं ते म्हणजे समुद्री गोगलगाईच्या शंखाचं झाकण. गोगलगाय आत गेली की ते दार लावून घेते. पायरीवर बसलेला दारवान काढा: ढाल वेगळी हातात नाही, ढाल म्हणजे त्याच्या घराचं दार. बंद असताना काहीच लागत नाही, उघडला की मऊ पाय उघडा पडतो. एक बोन, दोन अवस्था.

बटनफोड
दारवान आवडला. शंखाचा विषय निघालाय तर शंखातला खेकडा, हर्मिट क्रॅब, सोडू नका. शंख बदलणं म्हणजे आयती साधनसामग्री: जड शंख संरक्षण, हलका शंख वेग. शिवाय एक मोठा रिकामा शंख मिळाला की हे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात आणि एकापाठोपाठ एक सगळे घरं बदलतात. कोड्याची अख्खी पातळी आहे ही. योग्य आकाराचा शंख रांगेच्या वरच्या टोकाला ठेवा, खालच्या टोकाला तुम्हाला हवा तो मोकळा होतो.

कलाकाराने इथे एक सांभाळायचं. याचं पोट सरळ नसतं, शंखाच्या वळणाप्रमाणे उजवीकडे पिळलेलं असतं. मिरर मॉडिफायर (एका बाजूची आरशासारखी दुसरी बाजू करणारं साधन) फक्त पुढच्या भागाला, पोट वेगळं. शंख त्वचेला बांधू नका, एका सॉकेट बोनवर लटकवा आणि सगळ्या शंखांची तोंडं एकाच मापाची ठेवा, नाहीतर दर शंखागणिक फट दिसेल.

हिटबॉक्स (मार लागतो तो भाग) हाही आत्ताच ठरवा. पसरलेले हात, मिशा, झालरी त्यात घेऊ नका. धडाला एक कॅप्सूल, डोक्याला एक गोल. "मला लागलंच नव्हतं" ही तक्रार नेहमी शेपटीच्या टोकावरून येते.

शिंपला
नांग्यांबद्दल राहिलं. खेकड्याच्या नांगीची दोन बोटं दिसतात, पण हलतं एकच, दुसरं हाताचाच भाग असतं. दोन्ही बोटं कात्रीसारखी हलवली की ती चिमटा वाटते. आणि प्रत्येक सांधा दाराच्या बिजागरीसारखा एका अक्षावर फिरतो. बोनचे बाकी दोन अक्ष कुलूपबंद करा, पुढच्या सांध्याचा अक्ष थोडा फिरवून ठेवा. पाय किती खरे वाटतात बघा.

मांडवीकर
खेकडा खेळायला मात्र डोकेदुखी आहे. पुढचं बटन दाबलं की तो आडवा जाणार?

बटनफोड
जाऊ दे की. हालचालीची दिशा आणि शरीराचा रोख वेगळे ठेवा. पुढचं दाबलं की शरीर ९० अंशात वळतं, कडेने पळतं, आणि देठावरचे डोळे जायच्या दिशेला बघतात. डोळे नाही वळवलेत तर खेळणाऱ्याला नियंत्रण बिघडल्यासारखं वाटतं. थांबल्यावर तोंड कॅमेऱ्याकडे परत.

झिंगा
आणि तो एकच नांगी मोठी असलेला फिडलर? नवरात्रात गरब्यात कुणाला टाळी देणार?

खारजमीन
@झिंगा, तो नर. मादीच्या दोन्ही लहान. नर मोठी नांगी वर-खाली हलवून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो. दुरून इशारे देणारा पहारेकरी म्हणून उत्तम, संवाद लिहायला नकोत.

रंगारी
उशिरा आलो. रंगांचा प्रश्न अजून तसाच आहे.

पुस्तकी नियम असा की स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, पहिल्या काही मीटरांतच. म्हणून खोलातले पुष्कळ जीव लाल असतात: तिथे लाल म्हणजे काळा, म्हणजे अदृश्य. आणि जिवंत उजेड बहुतेक निळा-हिरवा, कारण तोच दूर जातो. पण तुमचं पाणी खंभातचं आहे. गाळाने तपकिरी, हातभर पलीकडचं दिसत नाही. निळाशार पार्श्वभूमी विसरा. ती टाकलीत तर हे जग आखाताचं राहणार नाही, कुठल्याही मत्स्यालयाचं होईल.

अशा जगात रंगापेक्षा उजळ-गडद जास्त काम करतं. चिखलाची उजळता ठरवा, समजा काळ्या-पांढऱ्यात ४० टक्के. चार पात्रांपैकी दोन त्याच्या बरीच वर, दोन बरीच खाली. दर पात्र करड्यात बदलून चिखलावर ठेवून बघा. विरघळलं तर रंग कितीही सुंदर असो, उपयोग नाही. पाठ गडद आणि पोट फिकं ही माशांची युक्ती वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यात पात्राला लपवते. ती शत्रूला द्या, नायकाला उलटी. भडक पट्टे विषारी पात्रांसाठी राखून ठेवा. गावातल्या फळवाल्यालाही भडक केलंत तर इशाऱ्याला किंमत उरत नाही. चमकणारी जागा पात्रामागे एकच.

ओलेपणाचा शेडर कराच. सुकं अंग: रफनेस (खरखरीतपणा, कमी तितकी चमक जास्त) ०.८ च्या आसपास. ओलं: ०.२५, आणि मूळ रंग साधारण ०.६ ने गुणून गडद. सीमारेषा पाण्याच्या पातळीवरून काढा, म्हणजे गुडघाभर पाण्यातून आलेलं पात्र गुडघ्यापर्यंतच चमकेल. खारजमीन म्हणतात तो निवटीचा सुकण्याचा नियमही याच आकड्यावर चालवा, पडद्यावर वेगळी पट्टी नको. आणि सुकताना कडेला पांढरट क्षाराची रेघ उमटवा, एवढं मीठ आहे तिथे.

दांडियाबाजार
क्षाराची रेघ! वा.

अवांतर: ज्यांना मोठं शरीर कसं काढावं कळत नसेल त्यांनी बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली वही घेऊन बसावं. वल्ह्यासारख्या पराच्या आत खांदा, कोपर, मनगट, बोटं सगळं दिसतं. आणि माशाचं शेपूट आडवं हलतं, देवमाशाचं वर-खाली. हे उलटं झालेलं गेममध्ये सर्रास दिसतं.

खाडीवाला
सगळं वाचून यादी अशी बदलली आहे. निवटी: निरोप्या, सुकण्याचा नियम. मॅंटिस: होड्या दुरुस्त करणारी लोहारीण. शंखातला खेकडा: व्यापारी. ऑक्टोपस: चोर. गोमती चक्राचा दारवान आणि फिडलर पहारेकरी गावात. ऑक्टोपसबद्दल आमच्यातच दुमत आहे, एकट्या त्याला बाकी तिघांइतकं काम लागेल.

त्रिकोण_मोजणारा
त्याला मडक्यात बसवा. ऑक्टोपस रिकाम्या भांड्यांत, शंखांत दडून बसतातच. पुष्कळ ठिकाणी मासेमार मडकी सोडूनच त्यांना पकडतात. बाहेर डोळे आणि चारच हात. ४८ चे ३२ बोन झाले, झग्याचा प्रश्न मिटला, आणि चोर मडक्यासकट घरंगळत पळेल.

रेषाळ
आकृतीही पक्की झाली: वर वळवळ, खाली गोल. आता चौघांना एका पट्टीवर शेजारी उभं करा, उंची पक्की करा, मग दर पात्राचे पुढून, बाजूने, मागून आणि पाऊण असे चार कोन काढा. निवटीचे ओली आणि सुकी दोन्ही. शिल्पकाम त्याआधी सुरू करू नका. करड्या ठोकळ्यांवर चाल आणि फटका तपासून घ्या, लोहारणीचा आधी.

खाडीवाला
लोहारणीचा ठोकळा केला. फटका सहा फ्रेमचा आहे, तरी मऊ वाटतो.

शिंपला
खरा फटका तीन मिलिसेकंदांच्या आत संपतो. साठ फ्रेमवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे मधली एकही स्थिती दिसायला नको. दुमडलेला हात, पुढच्या फ्रेमला पूर्ण उघडा.

बटनफोड
आणि वाचवलेले फ्रेम तयारीला द्या. वीस फ्रेम ताण, एक फटका, तीन फ्रेम जागच्या जागी गोठलेलं, मग बुडबुड्याचा दुसरा आघात. कॅमेऱ्याचा धक्का दुसऱ्या आघाताला, पहिल्याला नको.

खाडीवाला
बसला! पण गोडोत आणल्यावर हातोडा भलतीकडेच उघडतोय.

त्रिकोण_मोजणारा
आर्मेचरचं (बोनच्या सांगाड्याचं) स्केल अप्लाय केलंय का? ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए, रोटेशन आणि स्केल, आर्मेचर आणि जाळी दोन्हींना. जुन्या की-फ्रेम त्यानंतर बिघडतील, त्या फेकून फटका पुन्हा लावा. तीनच की आहेत.